रॉड नंतर, आधी शिसं ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उजनीवर गळाने मासे धरायला सात फुटी रॉड आणि ४००० चा रील वापरता. दिवाळीनंतर गणपतीपुळे-मालगुंड भागात जाणार आहात, तिथं खडकावरूनही गळ टाकायचाय आणि पुळणीवरूनही, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरूनही. दुकानदार म्हणतो चौदा फुटी ‘हेवी’ रॉड आणि १४००० चा रील घ्या. बजेट पंधरा हजार. घ्यावा का?

माझ्या मते घेऊ नका. सविस्तर लिहितो, कारण आपल्या सोलापूरकरांचा किनारा साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा आणि तिथं पोचल्यावर कळायचं की हातातला रॉड चुकीचा आहे, हे फार महागात पडतं.

पहिली गोष्ट, ‘हेवी’ या शब्दावर अजिबात जाऊ नका. त्याचं ठरलेलं माप नाही, एका कंपनीचा हेवी तो दुसऱ्या कंपनीचा मिडियम असू शकतो. हँडलच्या वरच्या अंगाला बारीक अक्षरात सी.डब्ल्यू. (कास्टिंग वेट, म्हणजे फेकायचं वजन) किंवा ‘कास्ट’ लिहून पुढे ग्रॅममध्ये दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १००-२००. रॉडची खरी ओळख तीच. एवढं वजन फेकताना तो नीट वाकतो. वाकला तरच फेकतो, हे पक्कं लक्षात ठेवा. १००-२०० च्या रॉडला ६० ग्रॅमचं शिसं (दोरीला बांधायचं वजन) लावलंत तर तो ताठच राहतो, सगळा जोर तुमच्या खांद्यातून जातो आणि शिसं जवळच पडतं. उलट ५०-१०० च्या रॉडवर दीडशे ग्रॅम जोरात फेकलंत तर वरचा तुकडा हातात येण्याची भीती. जपानी रॉडवर ग्रॅमऐवजी ‘गो’ हे माप असतं. एक गो म्हणजे ३.७५ ग्रॅम, म्हणजे २५ गो साधारण ९४ ग्रॅम आणि ३० गो ११२ ग्रॅम. तिथंच ४०५ लिहिलेलं दिसलं तर ती लांबी, ४.०५ मीटर.

म्हणून आधी शिसं ठरवायचं, आणि शिसं ठरवते जागा. पुळणीवर लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे आमिष जायला हवं आणि ओढीत जागेवर टिकायला हवं. त्यासाठी ८० ते १०० ग्रॅम, शक्यतो तारेचे पाय असलेलं शिसं. खडकावर गोष्ट वेगळी. तिथं खोल पाणी बऱ्याचदा पायाशीच असतं, तांबोशीसारखा मासा कपारीला धरूनच असतो, मग लांब फेकण्याला अर्थ नाही. ४० ते ८० ग्रॅम पुरतं. जास्त लांब टाकलं की दोरी तितक्या जास्त खडकावरून घासत येते आणि अडकते. यात आमिषाचं वजन मिळवायला बहुतेक जण विसरतात. शंभर ग्रॅमचं शिसं आणि बांगड्याचा चांगला तुकडा मिळून रॉडवर १३०-१४० ग्रॅम येतात.

म्हणजे तुमच्या दोन्ही जागांचा पट्टा ५० पासून १४० पर्यंत आहे. एकच रॉड घ्यायचा तर बारा फुटी, सी.डब्ल्यू. ६०-१५० च्या आसपास. दोन्हीकडे तो सर्वोत्तम नसेल, पण दोन्हीकडे कामाचा असेल. चौदा फुटी रॉड नुसत्या पुळणीसाठी, उंच आणि सरावाच्या माणसाला ठीक. तासाभरात मनगट आणि पाठ बोलू लागते. शिवाय रॉड जितका लांब तितकी मासा ओढताना तरफ माशाच्या बाजूने असते, तुमच्या नाही. खडकावर अरुंद जागेत मागे भिंत असताना चौदा फूट फिरवायचे कुठे हाही प्रश्नच. बारा फुटाला मात्र खडकावर एक फायदा आहे: दोरी कड्याच्या धारेपासून आणि कालवांपासून (खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांपासून) दूर धरता येते. दिवसभर ल्यूर (नकली आमिष) मारायचे असतील तर नऊ-दहा फुटी हलका रॉड लागेल, पण तो पुढच्या खरेदीचा विषय.

बांधणीबद्दल माझं मत ठाम आहे. पहिला रॉड शुद्ध हाय-कार्बनचा नको, कार्बन आणि फायबरग्लास मिश्र घ्या. कार्बन हलका आणि चपळ खरा, पण खडकावर एकदा आपटला की बारीक टवका उडतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढे कधीतरी भर फेकीत तिथंच तुटतो. मिश्र रॉड शे-दोनशे ग्रॅम जड असेल, पण मार खातो. आणि कार्बनमधून वीज वाहते. दिवाळीच्या सुमारास कोकणात संध्याकाळी ढग गडगडतात. आवाज आला की रॉड आडवा ठेवून किनारा सोडायचा. विजेच्या तारांखालून जाताना रॉड सुटा करूनच न्यायचा, आपल्याकडे कॅनॉलवर आणि तळ्याकाठी तर हे जास्तच लागू.

दुकानात गेलात की कापसाचा छोटा बोळा घेऊन जा. प्रत्येक कडीच्या आतल्या रिंगमधून तो गोल फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथं चीर आहे, आणि ती चीर ब्रेडेड (धागे विणून केलेल्या) दोरीला कापत राहते. मग रॉड जोडा, बुंधा काखेत धरा आणि हात सरळ करा. रील जिथं बसतो ती जागा मुठीत आरामात यायला हवी. ती त्याच्या पुढे गेली तर फेकताना तुमची ताकद वाया जाते. शेवटी दुसऱ्या कुणाला टोक धरायला सांगून हळू वाकवा. जोडाच्या जागी कट् असा आवाज किंवा सैलपणा जाणवला तर तो रॉड परत ठेवा.

तुकडे किती हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. दोन तुकड्यांचा बारा फुटी म्हणजे सहा फुटी लांबोडं, एसटीत किंवा रेल्वेत सांभाळणं कठीण. तीन तुकड्यांचा घ्या, सव्वाचार फुटांत बसतो. टेलिस्कोपिक स्वस्त मिळतो, पण वाळू आत गेली की तुकडे अडकतात, मी सुचवणार नाही. हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोपणं घ्या, तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून आत सरकवा. गाडीच्या टपावर बांधला तरी काही होत नाही.

आता रील. १४००० हा आकडा नुसता आकार सांगतो आणि तोही कंपनीगणिक बदलतो. स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या रिळावर, लिहिलेली दोरीची क्षमता पाहा. तुम्हाला ४० पाउंडी ब्रेडेड २५० ते ३०० मीटर मावेल एवढा स्पूल हवा. बहुतेक कंपन्यांत ६००० ते ८००० मध्ये हे काम होतं. त्यापुढचं लोखंड उगाच हातात धरायचं.

खोक्यावर ‘ड्रॅग २० किलो’ असं ठळक छापलेलं असतं, त्याला भुलू नका. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, ठरावीक ओढीला तो दोरी सुटू देतो. हिशेब करा: ४० पाउंड म्हणजे साधारण १८ किलो. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर लावायचा, म्हणजे साडेचार किलो. घरी रॉड जोडा, दोरीच्या टोकाला सामानाचा हुकवाला काटा बांधा, रॉड अर्धा वाकवून कुणाला तरी काटा ओढायला सांगा. साडेचार किलोला दोरी सुटायला लागली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे झटके न देता सलग सुटली पाहिजे. निसरड्या खडकावर उभं राहून दहा किलोची ओढ धरून बघाल तर वीस किलोच्या ड्रॅगचा हव्यास तिथंच सुटेल. म्हणून पैसे गुळगुळीत ड्रॅगला आणि खाऱ्या पाण्याच्या सीलिंगला द्या. बेअरिंगची संख्या बघू नका. हँडल दुमडणारं नको, स्क्रूने बसणारं घ्या. फेकताना मात्र ड्रॅग पूर्ण आवळा, नाहीतर स्पूल सरकून बोट कापलं जातं. शिसं पाण्यात पडलं की परत साडेचारवर आणा.

पुळणीवर रॉड स्टँडमध्ये ठेवून बसणार असाल तर बेटरनर पद्धतीचा रील (मासा ओढू लागला की दोरी सैल सोडणारा) विचारात घ्या. नाहीतर पाकट किंवा मोठा शेंगाळा लागला की स्टँडसकट रॉड समुद्रात जातो.

दोरीत कंजुषी नको. ब्रेडेडला घर्षण सोसत नाही, कालवांच्या धारेला लागली की गेली. म्हणून पुढे तंगुसाचा (नायलॉनचा) लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, हवाच. दर २८ ग्रॅम वजनामागे १० पाउंड हा जुना नियम आहे. तुमच्या १४० ग्रॅमला ५० पाउंड होतात, ६० चा घ्या. लांबी पुळणीवर किमान सहा मीटर, म्हणजे फेकताना गाठ स्पूलवरच राहून लीडरचे पाच-सहा वेढे तिथं असतील. खडकावर आठ-दहा मीटर. ब्रेडेडला लीडर जोडायची एफजी गाठ शिकून घ्या, घरी बसून शिका, तिथं वाऱ्यात जमत नाही.

खडकावर शिसं मुख्य दोरीला थेट बांधू नका. १५ पाउंडाच्या पातळ तंगुसाच्या वीतभर तुकड्याने खाली लोंबतं ठेवा. कपारीत शिसं अडकलं की तो तुकडा तुटतो आणि गळ, लीडर, असला तर मासासुद्धा परत येतो. फेकताना मात्र या जोडणीवर जोर काढायचा नाही, हळुवार टाकायचं. शिसं सुटून मागच्या माणसाला लागलं तर डोकं फुटेल.

पंधरा हजाराची वाटणी माझ्या हिशेबाने: रॉड पाच, रील सहा-साडेसहा, दोरी आणि लीडर दोन. उरलेल्यात शिसं, गळ, आणि चांगल्या पकडीचे बूट व फ्लोटेशन जॅकेट. जॅकेटला पैसे कमी पडत असतील तर रील एक पायरी खालचा घ्या, जॅकेट सोडू नका. गुडघ्यापर्यंतचे गमबूट खडकावर घालू नका, पाणी भरलं की पाय उचलत नाही.

जाण्याआधी सराव करा. पीक निघालेलं मोकळं रान बघा, गळ न लावता फक्त शिसं बांधा, समोर आणि मागे कुणी नाही याची खात्री करून फेका. सात फुटी रॉडची सवय मनगटाची असते. बारा फुटी रॉडला डावा हात बुंध्यावर खाली ओढतो आणि उजवा वर ढकलतो, ही लय पाण्यावर गेल्यावर शिकायची नसते.

भरतीची वेळ पंचांगावरून ढोबळ काढता येते. आपल्या गावचं दाते पंचांग घरोघरी असतंच. तिथीचा पाऊणपट करा: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, तेव्हा तिथल्या कोळ्यांना विचारून पक्कं करा. खडकावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्याने जाऊ नये, अष्टमीच्या आसपासचं भांगाचं (कमी चढउताराचं) पाणी बरं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशारा आधी पाहा. खडकावर पाय ठेवण्यापूर्वी वीस मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. खडक कुठपर्यंत ओला आहे, त्याच्या वरच उभं राहायचं. समुद्राकडे पाठ करायची नाही, अडकलेलं शिसं सोडवायला खाली उतरायचं नाही. गणपतीपुळ्याच्या मुख्य पुळणीवर भाविक आणि मुलं पाण्यात असतात, तिथं गळ टाकूच नका, मालगुंडच्या बाजूला सरका. आमिषाला रत्नागिरीत मिरकरवाड्याला सकाळी ताजा बांगडा आणि माकूल (स्क्विड) मिळतं.

परत आल्यावरची काळजी. नळाला पाणी काही दिवसांआड येत असलं तरी यासाठी तांब्याभर पुरतं. रीलवर जोराची धार मारू नका, खारं पाणी उलट आत जातं. ड्रॅग आवळून ओल्या फडक्याने पुसा, लाइन रोलर (रीलवरची दोरी फिरते ती चकती) आणि कड्या नीट पुसा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. आणि मे महिन्यात बंद गाडीत रॉड विसरू नका. टोकाची कडी बऱ्याचदा गरम करून लावायच्या गोंदाने चिकटवलेली असते, आपल्या उन्हात ती सैल होते.

दुकानातून फोटो टाकलात तर सी.डब्ल्यू.चा आकडा, तुकडे किती आणि स्पूलवरची क्षमता हे तिन्ही दिसेल असा टाका. घेण्याआधी मी बघून सांगतो.