विरळणीनंतर फुगलेली सरासरी

प्रश्न : नमस्कार ताई. मी पाईनच्या लागवडीवर मोजणीचं काम बघतो. विरळणीआधी, म्हणजे दाटी कमी करायला काही झाडं काढण्याआधी, आमच्या एका प्लॉटमधल्या झाडांचा सरासरी व्यास 19 सें.मी. होता. विरळणी उरकल्यावर लगेच पुन्हा मोजलं, तर 21.7 भरला. अहवालात ‘विरळणीमुळे व्यासात वाढ’ असं छापून गेलं. पण जैवभार, म्हणजे झाडांचं एकूण कोरडं वजन, काढला तर तो घटलेला! चूक टेपची की सूत्राची?

उत्तर : दोन्हींची नाही. चुकलंय ते अहवालातलं वाक्य.

पाचच झाडं घेऊ : 14, 16, 20, 22 आणि 23 सें.मी. व्यासाची. सरासरी 19. विरळणीत बारकी दोन निघाली. उरलेल्या तिघांची सरासरी 21.7. झाड एकही केसभर वाढलेलं नाही. वर्गातली बुटकी पोरं घरी पाठवली की वर्गाची सरासरी उंची वाढते, तसलाच हा प्रकार. आता बुंध्यांच्या छेदांचं क्षेत्रफळ बघा. ते व्यासाच्या वर्गाच्या पटीत चालतं, आणि दोन झाडं गेल्यावर ते 24 टक्क्यांनी उतरलं. जैवभारही त्याच्यामागोमाग खाली येणारच. तुमच्या प्लॉटात झाडं जास्त असतील, हिशेब हाच.

याची उलटी बाजूही असते. विरळणीत जाडजूड झाडं काढली की सरासरी खाली येते, आणि मग कुणीतरी ‘विरळणीने वाढ खुंटली’ म्हणून ओरड करतो. तेही तितकंच पोकळ.

वाढ मोजायची तर क्रमांक घातलेली तीच झाडं दोनदा मोजायची, आणि दोन्ही मोजण्यांत उभ्या असलेल्यांचाच फरक काढायचा. मधल्या काळात मेलेली आणि काढलेली झाडं वेगळ्या रकान्यात. लागवडीने एकूण किती लाकूड दिलं हे सांगायचं असेल, तर विरळणीत निघालेलं घनफळ त्यात मिळवायलाच हवं. ते वगळलं की चांगली लागवडसुद्धा आळशी दिसते. जमिनीचा कस जोखायला मात्र सरासरी व्यासाच्या नादी लागूच नका. हेक्टरी सगळ्यांत जाड 100 झाडांची सरासरी उंची घ्या. बारकी झाडं काढून केलेल्या विरळणीचा तिला फारसा धक्का लागत नाही, म्हणून वय आणि ही उंची यांवरून कस ठरवायची पद्धत रुळली आहे.

आता टेपकडे वळते, कारण दोन मोजण्यांतला फरक मिलिमीटरांत असतो आणि तो हाताच्या सवयीत सहज हरवतो. व्यास मोजतात तो छातीच्या उंचीवर. ही उंची म्हणजे बहुतेक देशांत 1.3 मीटर, भारतात आणि अमेरिकेत 1.37, न्यूझीलंडमध्ये 1.4. दुसरीकडची आकडेवारी शेजारी मांडण्याआधी हे विचारून घ्या. उतारावर वरच्या अंगाला उभं राहून उंची धरायची. झाड कललेलं असेल तर टेप जमिनीला समांतर नको, खोडाला काटकोनात हवा. सुटलेली साल आणि शेवाळ हाताने झाडून टाकायचं, घट्ट साल मात्र खरवडायची नाही. आणि पाईनची खास खोड म्हणजे एकाच उंचीवर चहूबाजूंनी फुटलेल्या फांद्यांचं कडं. ते नेमकं छातीच्या उंचीवर आलं की तिथे खोड फुगलेलं असतं. अशा वेळी कड्याच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर, जिथे फुगवटा संपतो तिथे, दोन मापं घेऊन त्यांची सरासरी लिहायची. मोजायच्या जागी रंगाचा पट्टा ओढून ठेवा. क्रमांकाच्या पत्र्याचा खिळा त्या पट्ट्यावर ठोकू नका, जखमेभोवती खोड सुजतं आणि पुढच्या खेपेला ती सूज तुम्ही वाढ म्हणून नोंदवाल. शक्यतो वाढ थांबलेल्या ऋतूत, दरवेळी त्याच सुमारास मोजा. खोड पाण्याने दिवसाही थोडं आखडतं-फुगतं.

प्रश्न : मी वनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. झाड न तोडता त्याचं वजन सांगतात, ते कशाच्या जोरावर?

उत्तर : कुणीतरी आधी झाडं तोडलेली असतात, त्यांच्या जोरावर! निवडक झाडं पाडतात, खोड, फांद्या, सुया (पाईनची पानं) वेगळ्या करून जागेवरच ओलं वजन करतात. मग खोडाच्या चकत्या भट्टीत 105 अंश सेल्सिअसला, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवतात. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, म्हणून ओल्या वजनावर भरवसा ठेवायचा नाही. त्यातून व्यास-उंचीवरून कोरडं वजन देणारं समीकरण बसवतात.

समीकरण नसेल तर ढोबळ वाटही आहे. व्यास 20 सें.मी., उंची 16 मीटर असं झाड घे. छेदाचं क्षेत्रफळ 0.0314 चौ.मी. त्याला उंचीने गुणलं तर सरळ नळकांड्याचं घनफळ येतं. खोड वर निमुळतं होतं म्हणून 0.45 ने गुण : साधारण 0.226 घनमीटर. लाकडाची घनता घनमीटरला 400 किलो धरली तर खोड 90 किलो. फांद्या-सुयांसाठी 1.3 पट केलं की 118, मुळांसाठी आणखी चौथा हिस्सा, म्हणजे जवळपास 147 किलो कोरडा जैवभार. त्यातला निम्मा कार्बन. हे गुणक मी उदाहरणापुरते घेतलेत. तुझ्या जातीचे आणि वयाचे शोधून घाल. कोवळ्या लागवडीत फांद्या-सुयांचा वाटा मोठा असतो आणि गाभ्याचं लाकूड बरेचदा हलकं असतं, तिथे हे आकडे फसतात.

दोन गोष्टींकडे लक्ष दे. वजन व्यासाच्या साधारण 2.4 घाताने वाढतं असं धरलं, तर व्यासात 3 टक्क्यांची चूक वजनात 7 टक्क्यांची होते. आणि समीकरण लॉगरिदममध्ये बसवलेलं असेल तर परत किलोत आणताना उत्तर थोडं कमी येतं. त्यासाठीची दुरुस्ती 1972 मध्ये वनशास्त्रज्ञ बास्करव्हिल यांनी मांडली, तरी ती विसरलेले प्रबंध माझ्याकडे अजून येतात.

प्रश्न : ड्रोन आणि लेझर आल्यावर टेप अडगळीत जाणार का?

उत्तर : नाही. वरून उंची छान मिळते, जरी टोकदार शेंडा किरणांच्या मधून निसटून ती थोडी कमीच भरते. पण छत्राखालचं खोड वरून धड दिसत नाही. व्यास आणि जैवभार उंची-छत्रावरून अंदाजाने काढावा लागतो, आणि तो अंदाज बसवायला जमिनीवर टेपने मोजलेले प्लॉट लागतात. दाट लागवडीत दबलेली बारकी झाडं तर वरून मोजणीतूनच सुटतात, आणि विरळणीत काय निघणार हे बरेचदा त्यांच्यावरच ठरतं.