मुलीच्या पॉइंट टू टूला दुर्बीण लावू का?

प्रश्न : मॅडम, माझे इचलकरंजीला यंत्रमाग आहेत. मुलगी १७ वर्षांची. दोन वर्षं एअर रायफल झाली, आता कोच म्हणतात ५० मीटरला घाला. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. तिला उणे दीड नंबरचा चष्मा आहे. क्लबच्या .२२ रायफलीवर चांगली दुर्बीण बसवली तर तिला टार्गेट स्वच्छ दिसेल ना? ओळखीचे एक जण म्हणतात, गोळ्या सगळ्यात महाग असतील त्याच घ्या. आधी पैसा कशावर घालू? — एक पालक

उत्तर : दुर्बिणीचे पैसे आधी खिशात परत ठेवा. ५० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे नळीच्या टोकाला रिंग, आणि त्या रिंगेत टार्गेटचा काळा गोल मधोमध धरायचा. तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकमध्ये ६०० पैकी ५९७ मारून विश्वविजेतेपद घेतलं, तेही अशाच साइटवरून.

नियमात मुभा आहे ती नंबराच्या भिंगाची. ते मागच्या साइटला लावा, नाहीतर डोळ्यावर घाला. मी म्हणेन, नेमबाजीची फ्रेम घ्या. रायफलीला गाल टेकला की मान झुकते, आणि नेहमीच्या चष्म्यातून पोरगी काचेच्या मधून न बघता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघते. तिथे नंबर धड राहत नाही. नेमबाजीच्या फ्रेमची काच सरकवून, तिरकी करून बरोबर डोळ्यासमोर आणता येते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट नक्की सांगा : पुढची रिंग डोळ्यापासून साधारण मीटरभरावर असते आणि ती स्वच्छ दिसायला हवी, टार्गेट जरासं धूसर चालेल. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दूरचा नंबर काटेकोर काढून घेतला. टार्गेट लख्ख, रिंग पुसट. अख्खा मोसम मी स्वतःच्या हाताला दोष देत बसले होते.

दुर्बीण लागेल ती रायफलीशेजारी स्टँडवर ठेवायची, स्पॉटिंग स्कोप. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर गोळी कुठे लागली ते पडद्यावर दिसतं, पण कागदी टार्गेटवर ५.६ मिलिमीटरचं भोक ५० मीटरवरून नुसत्या डोळ्याने कोणाला दिसणार? दुकानदार ‘६० पट’ म्हणून गळ्यात मारू पाहील. त्याला पुढच्या भिंगाचा व्यास विचारा आणि तिथेच भागाकार करा. ६० मिलिमीटरचं भिंग ६० पटीवर डोळ्यापर्यंत १ मिलिमीटरचा प्रकाशझोत पोचवतं, २० पटीवर ३ मिलिमीटरचा. पावसाळी ढगाळ सकाळी हा फरक कळतो. बालेवाडीला मे महिन्यात मी एकदा उसनी आणलेली अशी मोठी दुर्बीण लावली होती. तापलेल्या हवेच्या लाटा एवढ्या मोठ्या दिसायला लागल्या की टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं! २० ते ३० पट पुरे. मात्र आयपीस, म्हणजे डोळा लावायचा भाग, ४५ अंशात वळलेला घ्या, म्हणजे प्रोनमध्ये, पोटावर झोपून मारताना, पडल्या पडल्या नुसता डोळा वळवून बघता येतं. आणि फोकस टार्गेटच्या किंचित अलीकडे आणला की त्याच लाटा कुठल्या बाजूला वाहताहेत ते दिसतं. हा उद्योग हौसेचा नाही. ताशी ७-८ किलोमीटरची आडवी झुळूकसुद्धा .२२ची गोळी सेंटिमीटरभर सरकवते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा अख्खा व्यासच १०.४ मिलिमीटर आहे.

आता गोळ्या. तुमचा पैसा इथे घाला, पण ‘सगळ्यात महाग’ या हिशेबाने नको. सूत घेताना तुम्ही लॉट बघता ना? दोन लॉटचं सूत एका ठाणात गेलं की रंगवल्यावर पट्टा दिसतो. गोळ्यांचं तसंच आहे. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर-५०, लापुआ सेंटर-एक्स ही नावं रेंजवर ऐकू येतील, सगळी उत्तमच. पण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक असतो, आणि कुठल्या नळीला कुठला लॉट मानवेल हे कागदावरून कळत नाही. मी हौसेने टेनेक्स घेतली होती. माझ्या नळीला त्याहून दोन पायऱ्या स्वस्त डबी आवडायची. दुःख झालं, पण नळीपुढे कोण बोलणार?

वेग मात्र आधी बघून घ्या. डबीवर ‘हाय व्हेलॉसिटी’ असेल तर ती नको. मॅचची गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच राहते. जास्त वेगाची गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपास फार लवकर वेग गमावते आणि वाऱ्यात उलट जास्त वाहते. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे.

पाच-सहा लॉटची एकेक डबी क्लबमध्ये मिळून मागवा. डबीत ५० गोळ्या असतात. लॉट बदलला की पहिल्या १०-१५ गोळ्या मोजायच्या नाहीत, नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. मग रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, मारायचे आणि बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचे. भोक दहाच्या रेषेला नुसतं शिवलं तरी दहा मिळतात, म्हणून २१.६ मिलिमीटरच्या आत मधोमध बसलेला ग्रुप म्हणजे सगळे दहा. पण लॉटनेच २१ मिलिमीटर खाल्ले तर मुलीच्या श्वासाला, थरथरीला जागा उरली का? १४ चा ग्रुप असेल तर चारी बाजूंनी पावणेचार मिलिमीटर तिच्या वाट्याला येतात. आणि तीनपैकी सगळ्यात वाईट ग्रुपवरून लॉट ठरवा. सगळ्यात छान ग्रुप सगळेच पाकिटात घालून मिरवतात, मीही मिरवलाय.

चाचणी कुठल्या रायफलीची, हेही बघा. क्लबची रायफल तिघीचौघी वापरत असतील तर चौघींनी मिळून लॉट ठरवा, नाहीतर आज एकीचं मेण, उद्या दुसरीचं. स्वतःच्या रायफलीच्या परवान्याला वयाची सर्वसाधारण अट २१ वर्षं पूर्ण अशी आहे. तोवर गोळ्याही क्लबमार्फतच, घरी एकही आणायची नाही. सराव सगळा शिशाचा आहे, म्हणून जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. आणि घोडा रिकामा ओढू देऊ नका. .२२ ही रिमफायर, तिच्यात पिन काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आदळते. कोरड्या सरावाला वापरलेली पुंगळी, म्हणजे उडवलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल, घाला.

प्रश्न : ताई, मी टेक्सासला असतो. हरणाच्या शिकारीच्या रायफलीवरची ४-१६ पट दुर्बीण काढून मुलासाठी घेतलेल्या रूगर १०/२२ या .२२ रायफलीवर बसवली. २५ यार्डांवर डोकं जरा हललं की क्रॉसहेअर, म्हणजे दुर्बिणीतली फुली, टार्गेटवरून सरकते. दुर्बीण खराब झाली का? — एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : दुर्बीण ठणठणीत आहे, जागा चुकली आहे. डोळा हलला की फुली सरकल्यासारखी दिसते, त्याला पॅरलॅक्स म्हणतात; दुर्बीण ज्या अंतराला बांधलेली असते तिथेच तो नसतो. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीचा पॅरलॅक्स बहुधा १०० यार्डांना किंवा त्याच्याही पुढे बांधलेला असतो. रिमफायरसाठी बनवलेली घेतलीत तर तो ५० च्या आसपास असतो. पुढच्या भिंगावर किंवा बाजूला फिरवायची चकती असलेली, २५ यार्डांपर्यंत खाली येणारी घ्या. ३-९ पट भरपूर झाली. तोवर जुनीच वापरायची तर डोळा दर वेळी अगदी एकाच जागी, भिंगाच्या मधोमध आणा.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. तुमची रायफल स्वतःच भरून घेणारी आहे, त्यामुळे फार मंद गोळी तिचा बोल्ट पुरता मागे ढकलत नाही आणि पुंगळी अडकते. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटीची एक डबी आणि दुसऱ्या कुठल्याही स्टँडर्ड गोळीची एक, दोन्ही मुलाला मारू द्या. जी अडकत नाही आणि कागदावर जवळजवळ बसते ती त्याची.