'परिवलन', 'परिभ्रमण' आणि 'मास' : फेरी पूर्ण झाली, ती कोणाच्या संदर्भात?

एका वाचकाने दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. चंद्राला पृथ्वीभोवती एक परिभ्रमण करण्यास २७.३ दिवस लागतात असे त्यांनी शालेय पुस्तकात वाचले. 'मास' म्हणजे चंद्राची एक फेरी, तर मग चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा कसा, हा पहिला प्रश्न. 'परिवलन' आणि 'परिभ्रमण' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच उभे आहे.

हे शब्द एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. एखाद्या गोलाने स्वतःच्या आसाभोवती फिरणे म्हणजे परिवलन, आणि दुसऱ्या गोलाभोवती कक्षेतून फिरणे म्हणजे परिभ्रमण. 'परिवलन'मधील 'वल्' हा धातू वळण्याचा आहे, त्यामुळे तो शब्द आपला अर्थ बराचसा स्वतःच सांगतो. 'भ्रम्' या धातूला मात्र हिंडणे आणि गरगर फिरणे असे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून केवळ व्युत्पत्तीच्या आधारे 'परिभ्रमण'चा अर्थ कक्षेपुरता मर्यादित करता येत नाही. तो परिभाषेने मर्यादित केला आहे आणि ती मर्यादा पाळणेच हिताचे आहे. आपले रोजचे 'फिरणे' हे क्रियापद दोन्ही गतींना लागू पडते. 'पृथ्वी फिरते' एवढ्याच वाक्यावरून दिवसाविषयी बोलणे चालले आहे की वर्षाविषयी, हे कळत नाही, आणि हे दोन पारिभाषिक शब्द नेमके तिथे उपयोगी पडतात.

आता 'मास'. संस्कृतातील 'मास्' या शब्दाला चंद्र आणि महिना असे दोन्ही अर्थ आहेत आणि 'चंद्रमस्' या शब्दात तो आजही दिसतो. फारसीतून आलेल्या 'महिना' या शब्दाच्या मुळाशी असलेला 'माह' हाही चंद्रवाचकच आहे. म्हणजे मासाचा चंद्राशी संबंध जोडण्यात प्रश्नकर्त्यांची काहीच चूक नाही. अडचण 'फेरी' या शब्दात आहे. फेरी पूर्ण झाली असे म्हणताना ती कोणत्या खुणेपासून सुरू होऊन कोणत्या खुणेपाशी संपली, हे सांगावे लागते, आणि आपण ते बहुधा सांगत नाही.

एखाद्या ताऱ्याजवळ दिसलेला चंद्र पुन्हा त्याच ताऱ्याजवळ येण्यास २७.३२ दिवस लागतात. हा नाक्षत्र मास होय, आणि पुस्तकातला आकडा त्याचाच आहे. परंतु चांद्रमास अमावास्येपासून अमावास्येपर्यंत मोजला जातो (काही गणनांत पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत, पण त्याने लांबी बदलत नाही). 'अमावास्या' हा शब्दच येथे खुलासा करतो : 'अमा' म्हणजे एकत्र आणि 'वस्' म्हणजे राहणे, म्हणजे जेव्हा सूर्य आणि चंद्र एकाच दिशेला असतात ती वेळ. या गणनेत खूण ताऱ्याची नसून सूर्याची आहे, आणि पृथ्वी स्वतः परिभ्रमण करत असल्यामुळे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य रोज सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. चंद्र २७.३२ दिवसांनी मूळ ताऱ्यापाशी परततो तेव्हा सूर्य तिथून सुमारे २७ अंश पुढे गेलेला असतो. चंद्र रोज सुमारे १३ अंश चालतो आणि सूर्य एक, म्हणून दोघांमधले अंतर रोज सुमारे १२ अंशांनीच बदलते. ते २७ अंश भरून काढण्यास आणखी सव्वादोन दिवस लागतात, आणि चांद्रमास २९.५३ दिवसांचा होतो. 'तिथी' हे याच १२ अंशांचे माप आहे. चंद्राचा वेग उपभू स्थितीत, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना, अधिक आणि अपभू स्थितीत, म्हणजे सर्वांत दूर असताना, कमी असल्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आसपास संपते, तर कधी सव्वीस तासांहूनही अधिक चालते. एकही सूर्योदय न लाभलेल्या तिथीला 'क्षय' आणि दोन सूर्योदय लाभलेल्या तिथीला 'वृद्धी' म्हणतात ते त्यामुळेच.

'दिवस' या शब्दाचेही असेच आहे, मात्र तिथला फरक लहान असल्यामुळे तो ध्यानात येत नाही. पृथ्वीचे एक परिवलन ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. तेवढ्या वेळात ती कक्षेत थोडी पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा मध्यान्ही येण्यासाठी तिला सुमारे एक अंश अधिक वळावे लागते आणि त्यास चार मिनिटांच्या जवळपास वेळ लागतो. आपले चोवीस तास असे पूर्ण होतात. 'एक परिवलन म्हणजे २४ तास' हे वाक्य शाळेत चालून जाते, परंतु शब्दांविषयी काटेकोर असणाऱ्याने ते 'सूर्याच्या संदर्भात' एवढी पुस्ती जोडूनच लिहावे.

या दोन्ही गोष्टींचा हिशेब एकच आहे, हे मला 'आर्यभटीय' या इ.स. ४९९च्या सुमाराच्या ग्रंथात सर्वांत स्वच्छ दिसते. आर्यभट ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० परिवलने आणि चंद्राची ५,७७,५३,३३६ परिभ्रमणे देतो. परिवलनांतून वर्षे वजा केली की १,५७,७९,१७,५०० दिवस मिळतात. चंद्राच्या परिभ्रमणांतून तीच वर्षे वजा केली की ५,३४,३३,३३६ चांद्रमास मिळतात. आता दिवसांना चांद्रमासांनी भागावे : उत्तर २९.५३०५८ येते. आजचा मध्यम चांद्रमास २९.५३०५९ दिवसांचा आहे. वर्षागणिक एक फेरी वजा होते, कारण पृथ्वीचे परिवलन, तिचे परिभ्रमण आणि चंद्राचे परिभ्रमण या तिन्ही गती पश्चिमेकडून पूर्वेकडे आहेत. शुक्राचे परिवलन उलट दिशेने होते, म्हणून तिथे वजाबाकीऐवजी बेरीज करावी लागते, आणि २४३ दिवसांचे परिवलन व सुमारे २२५ दिवसांचे परिभ्रमण असूनही एका सूर्योदयापासून दुसरा सूर्योदय सुमारे ११७ दिवसांतच होतो.

वर्षात चांद्रमास १२.३७ बसतात. बारा मासांचे ३५४ दिवस होतात, सुमारे ११ दिवस उरतात, आणि ते साठून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घ्यावा लागतो.

शेवटी 'ऋतू'. 'परिवलनामुळे दिवस-रात्र होतात आणि परिभ्रमणामुळे ऋतू' असे जोडवाक्य पाठ करून घेतले जाते. त्याचा उत्तरार्ध अपुरा आहे. पृथ्वीचा आस कक्षेच्या प्रतलावर सरळ उभा असता तर परिभ्रमण आजच्यासारखेच चालले असते, पण विषुववृत्तावर सूर्य वर्षभर डोक्यावर राहिला असता आणि दिनमान कुठेही बदलले नसते. आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे आणि परिभ्रमणात त्याची दिशा जवळजवळ तीच राहते, म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध आणि डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. सूर्यापासूनच्या अंतराने ऋतू ठरत नाहीत : पृथ्वी उपसूर्य स्थितीत, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. त्यामुळे 'कललेल्या आसासह होणाऱ्या परिभ्रमणामुळे ऋतू होतात' असे लिहावे. वाक्य लांबते, पण खरे होते.

ऋतूंच्या संदर्भात 'वर्ष' या शब्दालाही खूण लागते. आसाची दिशा जवळजवळ तीच राहते असे वर म्हटले, पूर्णपणे नाही. ती अतिशय सावकाश बदलते आणि त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे दिवस आणि रात्र समान असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो ती जागा, दरवर्षी सुमारे ५० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) मागे सरकतो. हे सरकणे, म्हणजे अयनचलन, धरून केलेली गणना 'सायन' आणि वगळून केलेली 'निरयन'. संपातापासून संपातापर्यंतचे सायन वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंदांचे, तर ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंतचे नाक्षत्र वर्ष त्याहून सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. 'पृथ्वीचे एक परिभ्रमण म्हणजे एक वर्ष' हे वाक्य म्हणून नाक्षत्र वर्षालाच तंतोतंत लागू पडते. ऋतूंचे वर्ष संपते तेव्हा परिभ्रमण पूर्ण होण्यास त्या ५० विकला अजून उरलेल्या असतात.