आधी बघायचं, मग खायला घालायचं

प्रिय बाळा,

मेसेज आणि फोटो दोन्ही मिळाले. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर पाच एकरांचा लाइफस्टाइल ब्लॉक, म्हणजे घर आणि हौसेची छोटी शेती, आणि जागेसोबत फुकट मिळालेले दोन अल्पाका, उंटाच्या कुळातली लोकरीची जनावरं! जागेसोबत फुकट मिळालेलं जनावर बहुधा गिऱ्हाईक न मिळालेलंच असतं. असो. आता ते तुझे.

सोबतीला मेंढ्या किती घेऊ, असं विचारतोयस. आत्ता नोव्हेंबरात गुडघाभर गवत दिसतंय, त्यावर आकडा ठरवू नकोस. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तिथे चिखल झाला की किती तोंडं पोसली जातील, त्यावर ठरव. अल्पाकाला साधारण एका मेंढीइतकंच गवत लागतं. पहिल्या वर्षी सहा मेंढ्या पुष्कळ झाल्या. अल्पाका मात्र दोनाचे तीन कर, कारण दोघांतला एक गेला तर उरलेला एकटा पडतो आणि एकट्याने तो झुरतो. मेंढ्या विल्टशायर घे. त्यांची लोकर उन्हाळ्याकडे आपोआप गळते. इथे जाड लोकरीला बरीच वर्षं इतका कमी भाव होता की कातरणाऱ्याची मजुरीही निघत नव्हती, आणि सहा मेंढ्यांसाठी यायला तो तयारही नसतो. अल्पाका मात्र दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कातरावेच लागतात. ते सगळं झटपट उरकतं, त्यावर पुन्हा कधीतरी.

मला बोलायचंय ते सकाळबद्दल.

लहानपणी आमच्या माणच्या रानात धनगर मेंढ्या बसवायला यायचे. रात्रभर मेंढ्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणि सकाळी एक म्हातारबाबा वाघराचं एकच तोंड उघडून तिथे उभे राहायचे. एकेक मेंढी त्यांच्या मांडीला घासून बाहेर पडायची. मला वाटायचं, मोजताहेत. खरं तर ते चाल बघत होते. कुठली लंगडतेय, कुणाचं पोट आत गेलंय, कुणाचं ढुंगण भरलंय. दोन-चार मिनिटांचं काम, पण मी इथे येऊन पंधरा वर्षं जे शिकले ते सगळं त्यात होतं.

तू काय करशील ते मला माहीत आहे. बादली वाजवशील, सगळे धावत येतील, आणि धावत आले म्हणजे ठणठणीत आहेत असं समजून ऑफिसला पळशील. बादली आणण्याआधी दहा मिनिटं रिकाम्या हाताने कुंपणापाशी उभा राहा. कोण कुणापासून लांब बसलंय ते बघ. मेंढ्यांना अरुंद फाटकातून एकेक करून जाऊ दे. रवंथ कोण करतंय, कोण नुसतंच बसलंय, हेही बघ.

एखाद्या सकाळी एक मेंढी चारी पाय वर करून उताणी पडलेली दिसेल. हसू नकोस. अंगावर लोकर दाट असली किंवा पोटात कोकरू असलं की सपाट जागीसुद्धा तिला आपलं आपण सरळ होता येत नाही, पोटात गॅस धरतो आणि काही तासांत ती मरते. कुशीवर वळव, उभी कर आणि सोडून देऊ नकोस. गुडघ्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेव. पायांत रक्त परत यायला वेळ लागतो. लगेच सोडलीस तर चार पावलं तिरकी जाऊन पुन्हा पडेल.

अल्पाका आजार लपवतो. मेंढीही लपवते, पण अल्पाका त्यातला पक्का खेळाडू. म्हणून त्याच्या उकिरड्यावर लक्ष ठेव. सगळे एका ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात. साफ करायला सोपं, आणि लेंड्या सैल झाल्या तर कळतंही लवकर. मेंढ्या आणि अल्पाकांचे बरेचसे जंत एकच असतात, तेव्हा अंदाजाने औषध पाजत बसू नकोस, लेंड्या तपासून घे. पंधरा दिवसांतून एकदा हाताने चाचपायचं. लोकरीखाली हाडं दिसत नाहीत. शेवटच्या बरगडीच्या मागे पाठीच्या कण्यावर पंजा ठेव. दोन्ही बाजूंना मांस छपरासारखं उतरतं लागलं तर बरं आहे. कणा धारेसारखा टोचला तर काहीतरी बिघडलंय, मग वरून तो कितीही गुबगुबीत दिसो.

आता जे मला जड जातंय ते. वाइकाटोत, म्हणजे हॅमिल्टनच्या या भागात, जानेवारी ते मे हा फेशियल एक्झिमा या रोगाचा काळ. नाव चेहऱ्याचं असलं तरी रोग यकृताचा. उबदार, दमट दिवसांत गवताच्या बुडाशी सुकलेल्या काडीवर बुरशी धरते, तिच्या बीजाणूंमधलं विष यकृत खातं. (हे कोडं हॅमिल्टनच्याच रुआकुरा शेती संशोधन केंद्रात १९५८ मध्ये सुटलं.) मेंढ्यांना होतोच, अल्पाकांना त्याहून सहज होतो. आणि बाधा झालेल्या बहुतेक जनावरांवर बाहेरून काहीच दिसत नाही.

माझी एक तपकिरी मादी होती. मार्चमधला तो आठवडा आठवतो. दुपारी कुंपणाच्या सावलीतून ती हलायची नाही. मी म्हटलं, ऊन आहे. बादली वाजली की यायची, खायची, म्हणून मी निर्धास्त. डॉक्टरांनी रक्त तपासलं तोवर यकृत संपलेलं होतं. या विषापासून बचावासाठी द्यायचं झिंक (जस्त) सुरू करायला मी तीन आठवडे उशीर केला होता, 'गवत तर हिरवंगार आहे' असं म्हणत. यकृत बिघडलं की कातडीला ऊन सोसत नाही, पण तिच्या सावलीत बसण्याचा हा अर्थ तेव्हा लावता आला नाही.

म्हणून झिंक बुरशी वाढण्याआधी सुरू कर. मात्र वजनानुसारच, जास्त झालं तर तेच विष. प्रत्येकाला वेगळ्या घमेल्यात दे, नाहीतर दांडगा तिघांचं खाईल. गवत बुडापर्यंत चरू देऊ नकोस, विष तिथेच असतं. आणि अल्पाकांचं खाद्य मेंढ्यांच्या तोंडी लागू देऊ नकोस. त्यात तांबं घातलेलं असलं तर मेंढ्यांच्या यकृतात ते साठत जातं. पोत्यावरची चिठ्ठी वाच.

एक शेवटचं, तुझ्या बायकोसाठी. अल्पाकाचं नर पिल्लू बाटलीवर वाढवून कुरवाळायची हौस तिने करू नये. त्याला माणूस आपल्यातलाच वाटायला लागतो, आणि मोठा झाल्यावर तो माणसाशी दुसऱ्या नराशी भांडतो तसाच भांडतो. सत्तर किलोचं जनावर अंगावर येतं तेव्हा फोटो काढायला कुणी थांबत नाही.

कोकरांचं ऑगस्टजवळ बोलू. या शनिवारी मी येते. तराजू माझ्याकडे आहे, तिघांचं वजन करून झिंकचा हिशेब लावून देते. तिसरा अजून आणला नसशील तर दोघांचं. सकाळी सातला फाटकावर उभा राहा. बादली घरात ठेव.

तुझी,
मावशी