रूट एक, वापरणारे चौघं

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बिलिंगच्या उबुंटू सर्व्हरवर चौघं जण रूटनंच (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यानंच) लॉगिन करतात. त्यातला एक नोकरी सोडून गेला. पासवर्ड बदलला की झालं ना?

उत्तर : नाही झालं. त्याची एसएसएच की (दुरून, पासवर्डाशिवाय लॉगिन करायची डिजिटल किल्ली) रूटच्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमध्ये असेल, तर नव्या पासवर्डनं तो अडत नाही. आधी ती ओळ काढा, मग पासवर्ड बदला. रूटचा क्रॉनटॅबही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) नजरेखालून घाला.

खरं दुखणं चौघांत एक रूट हेच आहे. फाइल कोणी उडवली, हे लॉगवरून कळणार कसं? प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या आणि 'यूजरमॉड' कमांडनं सुडो ग्रुपमध्ये (गरजेपुरते रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या गटात) घाला. पर्याय द्यायचा तो छोटा ए, मोठा जी. ए विसरलात तर माणूस सुडोत येतो, पण आधीच्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो. मग 'शेअर फोल्डर उघडेना' म्हणून फोन सुरू. चालू सेशन तसंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये नव्या खात्यानं सुडो चालतंय का बघा. चाललं, तरच एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'परमिट रूट लॉगिन'ला 'नो' करा.

पुढं कोणी सोडून गेलं तर 'पासडब्ल्यूडी -एल'वर विसंबू नका, त्यानं फक्त पासवर्ड बंद होतो. 'चेज'च्या मोठ्या ई पर्यायाला शून्य दिलं की खातंच मुदतबाह्य होतं.

प्रश्न : सात रस्त्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये रॉकी लिनक्स आहे. रूटचा पासवर्ड कुणालाच आठवेना. सगळं नव्यानं टाकायचं?

उत्तर : काही गरज नाही. व्हील ग्रुपमधलं (रॉकीतला सुडोचा गट) एखादं खातं चालू असेल तर 'सुडो पासडब्ल्यूडी रूट' म्हणा, संपलं. नसेल तर मशीनसमोर बसून रीबूट करा. ग्रब मेनूत (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या यादीत) ई दाबा, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' दिल्यावर 'पासडब्ल्यूडी' चालवा. मग 'टच /.ऑटोरीलेबल' द्या. हे राहिलं तर पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलचं एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) लेबल चुकतं आणि बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. शेवटी 'एक्झेक /एसबिन/इनिट'. डिस्क मोठी असेल तर लेबलं नव्यानं लागायला वेळ लागेल, मधेच वीज तोडू नका.

कीबोर्ड हाताशी असलेला कुणीही हे करू शकतो, तेव्हा ग्रबलाही पासवर्ड लावा.

प्रश्न : दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती करावी का?

उत्तर : नको. लोक शेवटी महिन्याचं नाव जोडून मोकळे होतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनंही 2017च्या मार्गदर्शिकेत ठराविक मुदतीची सक्ती नको म्हटलं. पासवर्ड लांब ठेवा, फुटल्याचा संशय आला की त्याच दिवशी बदला.