धुऱ्यावरचा पळस, लाखेचं बेणं आणि दुकानदाराची बाटली

ऑक्टोबर लागला की माझा फोन दोन पाळ्यांत वाजतो. सकाळी सोयाबीनवाले, संध्याकाळी झाडवाले. सोयाबीनचं मागच्या खेपेला झालं, आज झाडांचं घेतो. पंधरवड्यात नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर, काटोल, कुही, पारशिवनीकडून जे विचारलं गेलं, त्यात बहुतेकांच्या बोलण्याची सुरुवात एकच होती : "साहेब, दुकानदार म्हणाला..."

भिवापूरकडून : धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पळसाची चाळीसेक झाडं आहेत. लाखेचं बेणं (लाखेचे जिवंत किडे असलेल्या काड्या) मिळतंय. विकणारा म्हणतो, आज फांद्या छाटा, उद्या बेणं बांधा आणि वरून मावा-तुडतुड्याचं औषध मारा, म्हणजे कीड येणार नाही. करू का?

नका करू. तिन्ही गोष्टी चूक आहेत आणि तिसरी तर पीकच बुडवणारी आहे.

आधी छाटणी. लाखेच्या पिल्लाची सोंड केसासारखी बारीक असते. जुन्या, जाड सालीत ती शिरत नाही. कोवळा धुमारा लागतो. छाटलेल्या पळसाला तसा धुमारा तयार करायला पाच-सहा महिने लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेणं बांधायचं असेल तर झाड एप्रिलमध्ये छाटलेलं हवं. जून-जुलैत बांधायचं असेल तर फेब्रुवारीत. आज छाटून उद्या बांधलं तर पिल्लं टणक फांदीवर दोन दिवस फिरतील आणि मरतील. बेण्याचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात, तुमच्याकडे नुसत्या काड्या.

छाटणी म्हणजे झाड बोडकं करणंही नव्हे. अर्ध्या इंचाच्या आतली फांदी बुडातून काढा. अर्धा ते एक इंच जाडीची असेल तर फूट-दीड फुटाचा खुंट ठेवून कापा. एक इंचाच्या वरच्या फांदीला हात लावू नका. कुऱ्हाड घरी ठेवा. कुऱ्हाडीने फांदी चिरते, चिरलेल्या जागी पाणी मुरतं, फांदी सडते.

बेणं घेताना पहिला प्रश्न विचारा : रंगीनी की कुसुमी? लाखेच्या किड्याच्या या दोन जाती. पळसावर रंगीनी चालते. कुसुमी ही कुसुमाच्या झाडाची. "लाख ती लाख" असं उत्तर आलं तर गाडी तिथूनच वळवा. दुसरी परीक्षा डोळ्याची. काडीवरच्या लाखेत मादीच्या पेशीवर पिवळा ठिपका दिसला की आठ-दहा दिवसांत पिल्लं निघणार असं समजा. ठिपका नसेल तर बेणं कच्चं आहे. पिल्लं निघून गेली असतील तर ते बेणंच नाही, नुसतं कवच आहे, आणि तेही त्याच भावाने विकलेलं मी पाहिलंय.

प्रमाण : मीटरभर कोवळ्या फांदीला सुमारे 20 ग्रॅम बेणं. जास्त बांधलं तर जास्त लाख, हा हिशेब इथे चालत नाही. फांदीवर गर्दी झाली की रस पुरत नाही, किडाही मरतो आणि झाडही खंगतं. वीतभर काड्यांची जुडी करा, बारीक विणीच्या नायलॉन जाळीच्या पिशवीत घाला आणि कोवळ्या फांदीला सुतळीने आवळा. पिल्लं जाळीतून निघून जातात, बेण्यातून आलेला शत्रू पतंग आत अडकतो.

आता फुंकी. पिल्लं निघून गेल्यावर रिकामी उरलेली काडी म्हणजे फुंकी. ती बेणं बांधल्यापासून 21 दिवसांच्या आत उतरवायची. 21 म्हणजे 21. "सवड मिळाली की काढू" असं नाही. एका वावरात जुलैत बांधलेली फुंकी पोळ्यापर्यंत लटकत होती. मी लाखेचा तुकडा तोडून चाकूने फोडला. वरून भरगच्च, आत पोकळ. जाळीच्या बोगद्यात पांढुरकी अळी बसलेली, आजूबाजूला भुगा. शेतकरी म्हणाला, साहेब औषध सांगा. मी म्हटलं, औषध जुलैतच होतं. फुंकी काढून वीस रुपयांची सुतळी कापायची, एवढंच.

आणि आता ती बाटली. लाखेचा किडा हा माव्याचा, पिठ्या ढेकणाचा भाऊबंद. तोही सोंड खुपसून रस पितो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड ही औषधं कशासाठी असतात ते पऱ्हाटीवाल्याला (कपाशीवाल्याला) मी शिकवायला नको : रस पिणाऱ्याला मारायला. लाखेवर ती मारणं म्हणजे उभ्या पिकावर तणनाशक मारण्यासारखं आहे. अर्धं प्रमाण नको, "हलका हात" नको, "नुसता एक पंप" नको. शेजारच्या पऱ्हाटीवर फवारणी चालू असेल आणि वारा तुमच्या धुऱ्याकडे असेल तर शेजाऱ्याला चहा पाजा आणि वारा फिरेपर्यंत थांबवा.

शत्रू अळीसाठी शिफारशीची औषधं आहेत, नाही असं नाही. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून लाखेवर संशोधन चालू आहे, तिथे ती ठरली. पण त्यांचं प्रमाण कपाशीच्या लेबलवरचं नाही आणि वेळही ठरलेली आहे. पिल्लं बसत असताना फवारलं तर पिल्लं मरतात. नर बाहेर पडतात तेव्हा फवारलं तर मादी फळत नाही आणि बेणंच तयार होत नाही. दुकानदाराला या दोन्ही वेळा विचारून बघा. सांगता आल्या तर मी माझी टोपी त्याला देईन.

मग काय करायचं? माझं ऐकाल तर या दिवाळीला फक्त पाच-सहा झाडं घ्या. नाल्याकाठची, ओल धरणारी आणि ज्यांच्यावर आपसूक कोवळे धुमारे आहेत अशीच. कारण आत्ता बांधलेली लाख पुढच्या जून-जुलैत निघते आणि मधे आपला मे महिना उभा आहे. पारा 45 च्या वर गेला की उघड्या माळावरच्या पळसावर किडा जागेवर वाळतो. ओलाव्याची झाडं बेणं जगवतात. उरलेल्यांपैकी निम्मी फेब्रुवारीत छाटा आणि जुलैत स्वतःचंच बेणं बांधा. ते पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती येतं, मे महिना त्याच्या वाटेत येत नाही. निम्म्या झाडांना विश्रांती. होळीला रंगासाठी दोन-चार झाडं फुलांनी लदलेली ठेवा, मधमाश्याही आशीर्वाद देतील.

काटोलहून : संत्र्याच्या बागेच्या कडेला साग आहे, आठ वर्षांचा. पानांची चाळणी झाली. कृषी केंद्रातून दोन औषधं मिसळून दिली आहेत. मारू का? शिवाय एकाने टिश्यू कल्चर सागाची रोपं आणली आहेत, सात वर्षांत तयार म्हणतो.

बाटल्या परत करा, पावती असेल तर.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये शिरा शाबूत आणि मधला हिरवा गर गायब, म्हणजे पान जाळी करणारी अळी. पावसाच्या तोंडाशी, नव्या पालवीवर, मधली शीर तेवढी ठेवून पान खाऊन टाकते ती दुसरी. दोन्ही नवीन नाहीत, सागाबरोबरच नांदत आल्या आहेत. जी पानं डिसेंबर-जानेवारीत तुमचा साग स्वतःच खाली टाकणार आहे, ती वाचवायला पंचवीस फूट वर फवारा मारायचा? वाढ थोडी मंदावते, झाड मरत नाही. अळी खाणारे पक्षी आणि तिच्यावर अंडी घालणाऱ्या बारीक माश्या मात्र त्या फवाऱ्याने मरतात, मग पुढच्या वर्षी अळी दुप्पट.

आणि डोक्याच्या वर नोझल धरून मारलेलं औषध कुठे पडतं? तुमच्या तोंडावर. 2017 साली यवतमाळात उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना किती घरांतला कर्ता माणूस गेला, ते विसरायला आठ-दहा वर्षं पुरेशी नाहीत. दोन औषधं मिसळायची नाहीत. दुकानदाराने मिसळून दिली तरी नाही. "सगळे घेऊन जातात" म्हणाला तरी नाही.

सात वर्षांच्या सागाबद्दल : एखादं झाड कापून खोडाचा काप बघा. बाहेर सगळं पांढरं कच्चं लाकूड आणि मधे जेमतेम तांबूस गाभा. भाव त्या गाभ्याला आहे आणि गाभा वर्षांनी भरतो, टिश्यू कल्चरने नाही. रोप सारखं निघतं, जोमदार निघतं, इतकंच. 1990 च्या दशकात "साग लावा, कोट्यधीश व्हा" म्हणणाऱ्या कंपन्यांनी शहरातल्या शिकलेल्या लोकांना इतकं गंडवलं की 1999 मध्ये सेबीला अशा योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले. आता तीच मंडळी महोगनी आणि चंदन घेऊन गावात येतात, "परत खरेदीचा करार" दाखवतात. करारावर पत्ता कुठला आहे ते वाचा. चंदन तर अर्धं परजीवी आहे, बाजूला यजमान झाड नसेल तर खुरटतं. हे रोप विकणारा सांगत नाही आणि रात्री झाड कापून नेणारा चोर तर काहीच सांगत नाही.

कुहीहून : दक्षिणेच्या धुऱ्यावरच्या झाडांमुळे हरभरा पिवळा पडतो. झाडं तोडून टाकू?

थांबा. डिसेंबरात भर दुपारी बारालाही नागपुरात सूर्य जेमतेम अर्ध्या आभाळावर येतो. सावली झाडाच्या उंचीएवढी लांब पडते आणि ती उत्तरेला पडते. दक्षिण धुऱ्याचं झाड तुमच्या वावरावर, उत्तर धुऱ्याचं शेजाऱ्याच्या वावरावर. (धुऱ्याची निम्मी भांडणं या एका गोष्टीवर आहेत, तलाठ्याने सूर्याकडे बघायला हवं, नकाशाकडे नव्हे.) झाडं पळसाची असतील तर उत्तर वर आलंच आहे : जुलैत लाख बांधा. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात फांद्यांसकट उतरते, म्हणजे हरभरा पेरताना धुरा आपोआप मोकळा. एकाच कापणीत लाखही आली आणि ऊनही. इतर झाडं असतील तर दसऱ्यानंतर खालच्या फांद्या काढा, आणि मुळ्यांसाठी धुऱ्यापासून तीन-चार फुटांवर दोन फूट खोल चर मारा.

तोडायचीच असतील तर यादी बघा. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, बिजा, अंजन, खैर, चंदन वगैरे झाडं स्वतःच्या वावरात असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पळस त्या यादीत नाही. म्हणून वीटभट्टीवाल्याला तो फुकटचा दिसतो आणि ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्यांत वीस वर्षांचा धुरा साफ होतो. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडंही नोंदवता येतात, ती नोंदवा.

झाडं लावायला योजना आहेत का, हेही काहींनी विचारलं : रोजगार हमीतून बांधावर वृक्ष लागवड होते. जॉबकार्ड, सातबारा, आठ-अ घेऊन ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव घाला, बाकी कृषी सहायक सांगेल. बांबू लावायचा तर मानवेल लावा. वनाबाहेरचा बांबू 2017 च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून सुटला. पावसाळ्यात बेटाला हात लावू नका, वास्ते (कोवळे कोंब) मोडतात.

पारशिवनीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचा प्रश्न : मुलांना रोपं वाटायची आहेत, कोणती देऊ?

गुरुजी, रोपं वाटू नका. वाटलेलं रोप दिवाळीपर्यंत बकरी खाते आणि मुलगा शिकतो ते एवढंच, की झाड लावायचं असतं ते फोटोसाठी. त्यापेक्षा शाळेजवळचा एक पळस सातवीच्या वर्गाला द्या. जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, चुन्याची रेघ मारा. दर महिन्याला तिथेच टेप लावून घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. जंगलखात्याचा माणूसही तिथेच मोजतो. जुलैत पालकांपैकी कुणी लाख बांधली तर वर्गाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात 21 वा दिवस लाल शाईने रंगवा. मुलं घरी जाऊन बापाला फुंकी काढायला लावतात, हे मी पाहिलंय. माझ्या भाषणाने ते कधी झालं नाही.

शेतीशाळेची कल्पनाही हीच. 1989 साली इंडोनेशियातल्या भात शेतकऱ्यांपासून ती सुरू झाली. आठवड्यातून एकदा बांधावर जमायचं, किडे मोजायचे, मोठ्या कागदावर मित्र कीड एका बाजूला आणि शत्रू कीड दुसऱ्या बाजूला काढायची, मग फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. काढलेलं चित्र विसरत नाही, ऐकलेलं भाषण गेटबाहेर पडलं की विसरतं. आपल्याकडे काही शेतीशाळा फलक आणि फोटोपुरत्या उरल्या आहेत, त्यात आम्हा सल्ला देणाऱ्यांचा वाटा आहे, मान्य. म्हणून सांगतो, यंदा भिवापूर भागात कुणी पाच-सहा पळस घेणार असेल तर एक झाड मुद्दाम वेगळं ठेवा. त्याची फुंकी काढू नका. फेब्रुवारीत दोन्ही झाडांची लाख शेजारी शेजारी ठेवून फोडा, गावातल्या पोरांसमोर.

कृषी-वनिकीवर आपल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयातच संशोधन केंद्र आहे, अकोल्याच्या विद्यापीठाचं. शंका असेल तर दुकानात जाण्याआधी तिथे जा, नाहीतर माझ्याकडे या. लाखेची फांदी आणताना मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणू नका, वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि तोडली त्याच दिवशी आणा. गुदमरून मेलेला किडा बघून झाडावर काय झालं ते मला सांगता येत नाही.