तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : मॉरिशसचा फोन नेमका कुणाचा?

प्रश्न : आमच्या भावकीतला एक पोरगा मॉरिशसला हॉटेलात शेफ म्हणून लागलाय. त्यानं तिकडं माय.टीचं सिम घेतलंय आणि म्हणतो ही तिथली सरकारी कंपनी, घराघरात फायबर, कसला त्रास नाही. इकडं जांबोटी सोडली की आमचा फोन नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. एवढ्याशा बेटाची सरकारी कंपनी चालते आणि आपल्या तोट्यात, हे कसं काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : पोरगा अर्धं खरं सांगतोय. माय.टी हा मॉरिशस टेलिकॉमचा ब्रँड, आणि या कंपनीत सरकारचा थेट वाटा एक तृतीयांशच्या आसपास आहे, तिथल्या स्टेट बँकेकडं 19 टक्के, थोडा पेन्शन फंडाकडं आणि तब्बल 40 टक्के फ्रान्सच्या ऑरेंज कंपनीकडं. म्हणजे सरकारी म्हणा, पण घरात फ्रेंच भागीदार बसलाय.

आधी आकार बघून घ्या, नाहीतर तुलना उगाच होते. मॉरिशस देश सगळी बेटं धरून 2,040 चौरस किलोमीटर, माणसं 12-13 लाख. आपला एकटा बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत जवळजवळ 48 लाख लोक. तेवढ्याशा जागेत वायर फिरवणं आणि कणकुंबीच्या जंगलात टॉवर उभा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की.

बेटाची खरी अडचण गावात वायर ओढायची नसते, ती समुद्रात असते. ब्रिटिशांनी 1893 मध्ये झांझिबारहून सेशेल्समार्गे मॉरिशसला तारेची केबल आणली. मग 1901 मध्ये दुसरी, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून मॉरिशस, तिथून रॉड्रिग्ज (हेही मॉरिशसचंच बेट), कोकोस बेटं आणि पार ऑस्ट्रेलियातलं पर्थ. ही केबल म्हणजे आत तांब्याची तार, तिच्यावर मलायातल्या झाडाच्या चिकाचं वेष्टन (गटापर्चा म्हणायचे त्याला, खाऱ्या पाण्यात टिकायचा) आणि वरून लोखंडी तारांचं चिलखत. एवढ्या लांबून सिग्नल मरतुकडा होऊनच यायचा. मग मधल्या प्रत्येक ठाण्यावर कारकून बसलेले, समोरच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरकतेय, बारीक काचेची नळी तिच्यावर शाईची थरथरती रेघ काढतेय, ती रेघ वाचायची आणि तोच मजकूर हातानं पुढच्या केबलवर टाकायचा, दिवसपाळी रात्रपाळी. रॉड्रिग्जसारख्या टिचभर बेटावर असे लोक बसून आफ्रिका-ऑस्ट्रेलियाचे निरोप ढकलत होते. आणि गंमत बघा, त्याच रॉड्रिग्जला मॉरिशसशी जोडणारी स्वतःची फायबर केबल मिळाली ती 2019 मध्ये, तोवर त्यांचं इंटरनेट सॅटेलाइटवर चाललेलं. माझ्या मते आख्ख्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात भारी आहे, पण असो.

पुढं ही केबलची सगळी मक्तेदारी ब्रिटिशांच्या केबल अँड वायरलेस कंपनीकडं गेली. मॉरिशस 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झाला तरी परदेशी कॉल तिच्याच हातात, देशातले फोन मात्र सरकारी खात्याकडं. 1985 ला परदेशी कॉलसाठी देशाची स्वतःची कंपनी निघाली, 1988 ला आतल्या फोनचं खातं काढून त्याचीही कंपनी केली, आणि 1992 ला दोन्ही एकत्र करून मॉरिशस टेलिकॉम. आपल्याकडं परदेशी कॉलची सरकारी कंपनी व्हीएसएनएल 1986 ची, म्हणजे सुरुवात साधारण एकाच वेळची. फरक नंतर पडला. आपण बाहेरच्या आणि आतल्या फोनची चूल वेगळीच ठेवली, व्हीएसएनएल 2002 ला टाटांकडं गेली, आणि बीएसएनएलच्या वाट्याला खेडोपाडीचे खांब, वायरी आणि तीनेक लाख माणसांचा पगार आला. मॉरिशसनं मात्र परदेशी कॉलची मलई आणि गावच्या वायरीचा खर्च एकाच खात्यात टाकला.

आता 2000 साल. ऑक्टोबरमध्ये इकडं बीएसएनएल जन्माला आली आणि त्याच वर्षी तिकडं मॉरिशसनं आपल्या कंपनीचे 40 टक्के फ्रान्स टेलिकॉमला (आताची ऑरेंज) सुमारे 26 कोटी डॉलरला विकले. तेव्हा जगभर टेलिकॉमचे भाव आभाळाला टेकलेले, वर्ष-दोन वर्षांत धाडकन कोसळले. सरकारनं डोकं लावलं की नशीब फळलं ते सोडा, पण वेळ अचूक साधली गेली. 2003 पासून बाजार सगळ्यांना उघडा होणार होता, त्याच्या आधी पैसा आणि तंत्रज्ञान दोन्ही घरात आलं. माझं स्पष्ट मत, ही कंपनी टिकली ती सरकारी असल्यामुळं नव्हे आणि विकल्यामुळंही नव्हे, समुद्रातली केबल हातात असताना भागीदार घेतला म्हणून टिकली.

आणि स्पर्धा तिला आधीपासून होतीच. एमटेल नावाची खाजगी कंपनी 1989 मध्येच तिथं मोबाईल चालवत होती, जेव्हा आपल्याकडं एसटीडी बूथवर मीटरकडं बघत बोलायचे दिवस होते. आपला पहिला मोबाईल कॉल 1995 चा. मॉरिशस टेलिकॉमचा मोबाईल, सेलप्लस, आला 1996 ला, म्हणजे सरकारी कंपनी तिथंही उशिरानंच उठली!

प्रश्न : मुंबईच्या एमटीएनएलची मॉरिशसमध्ये कंपनी आहे असं कुणीतरी सांगितलं. थाप आहे का? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : थाप नाही. महानगर टेलिफोन मॉरिशस लिमिटेड, तिला 2004 मध्ये लायसन मिळालं, चिली या नावानं सिम विकते. मुंबई-दिल्लीत एमटीएनएल कर्जात बुडाली तरी तिकडं ही पोटकंपनी आहे. रत्नागिरी भागातून तिकडं गेलेल्या मराठी घरांच्या पुढच्या पिढ्या मुंबईच्या कंपनीचं सिम वापरत असतील तर नवल नको.

प्रश्न : मॉरिशसच्या फोन कंपनीत भारताच्या माणसांनी हेरगिरी केली अशी बातमी मध्यंतरी फिरत होती. काय प्रकरण? – एक वाचक, निपाणी

उत्तर : केली असं म्हणू नका, आरोप झाला एवढंच धरा. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर बे-जाकोटे म्हणून जागा आहे, तिथं सेफ नावाची केबल जमिनीवर येते. दक्षिण आफ्रिका, रियुनियन, मॉरिशस, आपलं कोची आणि मलेशियातलं पेनांग अशी साडेतेरा हजार किलोमीटरची, 2002 पासून सुरू. समुद्रातून आलेल्या केसाएवढ्या काचेच्या तंतूंमधून येणारा-जाणारा डेटा तिथल्या एका इमारतीतून जातो, म्हणून त्या खोलीला एवढं महत्त्व. जून 2022 च्या शेवटी मॉरिशस टेलिकॉमचे प्रमुख शेरी सिंग यांनी राजीनामा दिला आणि म्हणाले की पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी तिथं बाहेरच्या माणसांना आत सोडायला दबाव आणला, डेटावर नजर ठेवायचं यंत्र बसवायला. जगन्नाथांनी ते नाकारलं, त्यांचं म्हणणं असं की सुरक्षेसाठी फक्त सर्वे करायचा होता आणि त्यासाठी भारताकडून तंत्रज्ञ मागवले होते. तिथं यावरून बरंच रान पेटलं. 2024 च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर नेत्यांचे चोरून टेप केलेले कॉल बाहेर आले, सरकारनं सोशल मीडिया बंद करायचा हुकूम काढला, दुसऱ्याच दिवशी मागं घेतला, आणि निवडणूक हरले ती वेगळीच.

प्रश्न : मॉरिशसला फोन लावायचा तर कोड काय आणि वेळेचा फरक किती? – एक वाचक, खानापूर

उत्तर : कोड 230, आधी 00 किंवा प्लस. ते आपल्या दीड तास मागं. व्हॉट्सअ‍ॅपवर बोला, साध्या आयएसडी कॉलचा दर आधी कस्टमर केअरला विचारून घ्या. आणि पलीकडचा माणूस हॉटेलात कामाला असेल तर आपल्या रात्री 9 ला करू नका, तिकडं साडेसात वाजलेले असतात आणि किचनमध्ये ऑर्डरींची झुंबड असते.